रेल्वेची जुनी छायाचित्रे : पाहणे आणि वाचणे

प्रस्तावना

छायाचित्रे आपण रोज पाहतो. वर्तमानपत्रात, ओळखपत्रावर, घराच्या भिंतीवर, हातातील मोबाइलवर ती सतत समोर येत असतात. क्षणभर दृष्टी टाकून आपण पुढे जातो. लिखित मजकुराशी आपण असे वागत नाही. तो आपण ओळीओळीने वाचतो, त्याचा अर्थ लावतो, लिहिणाऱ्याचा हेतू ताडून पाहतो. छायाचित्रही याच रीतीने वाचता येते. जुने छायाचित्र तर इतिहासाचे साधनच असते. परंतु कोणत्याही साधनाप्रमाणे त्याचीही पारख करावी लागते.

प्रस्तुत पाठात विसाव्या शतकातील अमेरिकन रेल्वेच्या छायाचित्रांचा परिचय करून दिला आहे. त्यांच्या निमित्ताने आपण एका प्रश्नाचा विचार करणार आहोत : एखादे अवाढव्य काम चित्रात दिसते, तेव्हा ते काम करणारा माणूस कोठे असतो?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• छायाचित्रात दिसणारी आणि न दिसणारी माहिती यांतील फरक सांगू शकाल;
• छायाचित्राखालील टिपेचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• छायाचित्र कोणी व कशासाठी काढले, यावरून त्याचा अर्थ लावू शकाल;
• कर्ता सांगणाऱ्या व कर्ता लपवणाऱ्या वाक्यरचना ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. यंत्र दिसते, माणूस दिसत नाही

रेल्वे आणि छायाचित्रण ही दोन्ही एकोणिसाव्या शतकाची अपत्ये. दोन्ही जवळजवळ एकाच काळात वाढली आणि लवकरच एकमेकांच्या उपयोगी पडू लागली. अमेरिकेत रेल्वे सरकारी नव्हती. ती अनेक खाजगी कंपन्यांची होती. १९१६ च्या सुमारास तेथील रेल्वेमार्गांची एकूण लांबी चार लाख किलोमीटरांच्या वर गेली होती. प्रवासी आणि माल आपल्याच मार्गाने यावा, म्हणून या कंपन्यांत चढाओढ असे. छायाचित्र हे त्या चढाओढीतील एक साधन होते.

इंजिन बनवणारे कारखाने आपल्या नव्या इंजिनाचे छायाचित्र आवर्जून काढून घेत. इंजिन बाजूने उभे केलेले असे. चाके, दांडे, बाष्पपात्र स्पष्ट दिसावे म्हणून कित्येकदा चित्रापुरता त्याला करडा रंगही दिला जाई. पुष्कळदा मागची पार्श्वभूमी पुसून टाकली जाई. अशा चित्रात यंत्राचा प्रत्येक खिळा मोजता येतो. परंतु ते घडवणारा लोहार किंवा चालवणारा ड्रायव्हर त्यात नसतो.

माणसे असलेल्या चित्रांतही सगळी माणसे असतातच असे नाही. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतातील प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. समोरासमोर उभी दोन इंजिने आणि हस्तांदोलन करणारे अधिकारी यांचे तेथील छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पश्चिमेकडील मार्ग डोंगर फोडून तयार करणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. त्या गर्दीच्या चित्रात ते जवळजवळ दिसतच नाहीत. २०१४ साली अमेरिकेतील चिनी वंशाच्या लोकांनी त्याच जागी एकत्र उभे राहून नवे छायाचित्र काढून घेतले. आपल्या पूर्वजांची रिकामी जागा त्यांनी एकशे पंचेचाळीस वर्षांनी भरून काढली.

२. जॅक डेलानो यांचा कॅमेरा

विसाव्या शतकात ही दृष्टी काही अंशी बदलली. हा बदल ज्यांच्या कामात ठळकपणे दिसतो, ते छायाचित्रकार म्हणजे जॅक डेलानो. त्यांचा जन्म १९१४ साली युक्रेनमधील एका खेड्यात झाला. १९२३ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेत येऊन स्थायिक झाले. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणकामगारांची छायाचित्रे काढून त्यांनी लक्ष वेधून घेतले आणि १९४० मध्ये त्यांना सरकारी छायाचित्र-विभागात काम मिळाले. रॉय स्ट्रायकर हे या विभागाचे प्रमुख होते. मंदीच्या काळातील शेतकऱ्यांची आणि मजुरांची स्थिती चित्रित करण्याचे काम या विभागाने केले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तो युद्ध-माहिती कार्यालयाकडे सोपवण्यात आला.

युद्धकाळात रेल्वेवर प्रचंड भार पडला होता. सैन्याच्या मालापैकी सुमारे नव्वद टक्के माल आणि तुकड्यांनी जाणाऱ्या सैनिकांपैकी बहुतेक सर्व रेल्वेनेच जात. हे काम कसे चालते, ते देशाला दाखवावे, यासाठी डेलानो यांना १९४२–४३ च्या हिवाळ्यात शिकागोला पाठवण्यात आले. शिकागो हे अमेरिकन रेल्वेचे सर्वांत मोठे केंद्र होते. त्यानंतर मार्च १९४३ मध्ये ते सान्ता फे रेल्वेच्या मालगाड्यांतून शिकागोहून कॅलिफोर्नियापर्यंत गेले. कॅन्सस सिटी, ॲमॅरिलो, क्लोव्हिस, गॅलप, विन्स्लो, नीडल्स अशी ठाणी घेत साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर ड्रायव्हर, फायरमन, गार्ड बदलत. डेलानो गाडीसोबतच राहत आणि नव्या माणसांशी ओळख करून घेत. त्यांनी बरीच चित्रे कृष्णधवल काढली; मात्र काही चित्रे त्या काळी नव्या असलेल्या रंगीत फिल्मवर काढली. म्हणूनच त्या काळातील रेल्वे आज आपल्याला रंगांत पाहता येते.

३. चार चित्रे

आता त्यांची चार चित्रे क्रमाने वाचू.

पहिले चित्र शिकागोच्या युनियन स्टेशनचे. जानेवारी १९४३. उंच खिडक्यांतून उन्हाचे तिरपे झोत आत उतरले आहेत आणि त्या उजेडात प्रवासी ये-जा करीत आहेत. चित्र विलक्षण सुंदर आहे. रुळांकडे नेणारा स्टेशनचा तो भव्य दालनांचा भाग १९६९ मध्ये पाडण्यात आला. वास्तू गेली, तिच्यातील प्रकाश कसा होता, हे चित्रानेच जपून ठेवले.

दुसरे चित्र शिकागोजवळील प्रोव्हिसो यार्डाचे. हिवाळ्याच्या थंडीत शेकडो वाघिणी रांगांनी उभ्या आहेत. गोंधळ वाटणाऱ्या या दृश्यामागे काटेकोर व्यवस्था आहे. यार्डात एक कृत्रिम उंचवटा असतो. आलेली मालगाडी इंजिन मागून ढकलत त्यावर चढवते. माथ्यावर एकेक वाघीण सोडवली जाते आणि ती उतारावरून आपल्याच वजनाने खाली घरंगळते. सांधे बदलून तिला तिच्या गावाच्या रुळावर वळवले जाते आणि रुळाला बसवलेल्या ब्रेकने तिचा वेग आवरला जातो. वेग जास्त राहिला तर वाघिणी आपटतात. कमी झाला तर वाटेतच थांबतात. डेलानो यांनी यार्डाचे विहंगम दृश्य टिपले, आणि उंचवट्याजवळच्या खोलीत बसून सिग्नल फिरवणारा कर्मचारीही टिपला. पहिल्या चित्रात यार्ड आपोआप चालते असे वाटते. दुसरे चित्र शेजारी ठेवले की, ते कोणाच्या हातांनी चालते ते समजते.

तिसरे चित्र एप्रिल १९४३ मधील, आयोवा राज्यातील क्लिंटन गावचे. इंजिनांच्या शेडमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया विश्रांतीच्या खोलीत जेवायला बसल्या आहेत. डोक्याला रुमाल, अंगात कामाचे मळके कपडे. इंजिनावरील तेल, काजळी आणि चिखल पुसून काढणे हे त्यांचे काम. त्याच शेडमधील दुसऱ्या एका चित्रात एक स्त्री वाफेचा जोरदार फवारा सोडून अजस्र इंजिनाला आंघोळ घालत आहे. पुरुष युद्धावर गेल्यामुळे ही कामे स्त्रियांकडे आली होती. युद्धाच्या अखेरीस अमेरिकन रेल्वेत लाखाहून अधिक स्त्रिया काम करीत होत्या. डेलानो यांनी या चित्रांखाली कामगार स्त्रियांची नावे लिहून ठेवली. एका टिपेत तर ती कामगार तीन मुलांची आई असल्याचीही नोंद आहे. इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवण्याची रीत जुनीच होती. इंजिन पुसणारीचे नाव लिहून ठेवणे, ही गोष्ट नवी होती.

चौथे चित्र लॉस एंजेलिसच्या यार्डातील रात्रीचे. शत्रूच्या विमानांना दिसू नयेत म्हणून यार्डातील सर्व दिवे वरून झाकलेले होते. त्या काळची रंगीत फिल्म प्रकाश फार सावकाश ग्रहण करी. त्यामुळे रात्री कॅमेऱ्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जे स्थिर राहील ते चित्रात उमटते. जे हालत राहील ते पुसले जाते. म्हणून या चित्रात चालते इंजिन दिसत नाही, माणूसही दिसत नाही. दिसतात त्या केवळ उजेडाच्या रेघा. काही रेघा जाड, काही बारीक. या रेघा कसल्या, हे चित्र सांगत नाही. ते खालची टीप सांगते. जाड रेघा इंजिनांच्या पुढील दिव्यांच्या आहेत. बारीक रेघा सांधेवाल्यांच्या हातांतील कंदिलांच्या आहेत.

टीप नसती तर ती बारीक रेघ एक शोभेची नक्षी ठरली असती. टीप वाचल्यावर तीच रेघ एका माणसाची वाट होते. तो कोठून निघाला, कोठे वाकला, कोठे वळला, हे सारे अंधारावर लिहिलेले आहे. माणूस मात्र त्यात नाही.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडून लिहा.
१. डेलानो यांचा विभाग १९४२ मध्ये कोणाकडे सोपवण्यात आला?
(अ) रेल्वे कंपनीकडे (आ) युद्ध-माहिती कार्यालयाकडे (इ) एका वृत्तपत्राकडे
२. लॉस एंजेलिसच्या चित्रातील बारीक रेघा कशाच्या आहेत?
(अ) सिग्नलच्या (आ) इंजिनाच्या दिव्याच्या (इ) सांधेवाल्याच्या कंदिलाच्या
३. उंचवट्यावरून सोडलेली वाघीण कशामुळे खाली येते?
(अ) स्वतःच्या वजनामुळे (आ) इंजिनाने ओढल्यामुळे (इ) दोराने ओढल्यामुळे

४. चौकटीबाहेर काय राहिले?

डेलानो यांना माणसांविषयी आस्था होती, यात शंका नाही. तरीही ही चित्रे सरकारने काढवून घेतली होती, हे वाचकाने विसरता कामा नये. देश समर्थ आहे आणि कामगार एकदिलाने राबत आहेत, असा विश्वास निर्माण करणे हा त्या कार्यालयाचा हेतू होता. त्यामुळे कामगारांचे कष्ट चित्रांत आले. त्यांची गाऱ्हाणी फारशी आली नाहीत. त्याच १९४३ साली वेतनाच्या प्रश्नावरून रेल्वे कामगार संपाच्या तयारीत होते. वाद इतका वाढला की, २७ डिसेंबर १९४३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेल्वे सैन्याच्या ताब्यात दिली. पुढे जानेवारीत ती कंपन्यांना परत करण्यात आली. वर्षभर खदखदणारा हा असंतोष चित्रांतील शांत चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही.

आणखी एक उदाहरण पाहू. मार्च १९४२ मध्ये डेलानो यांनी शिकागोकडे जाणाऱ्या ‘कॅपिटल लिमिटेड’ या गाडीत एका पुलमन सेवकाचे छायाचित्र काढले. तो वरच्या बर्थवरील अंथरूण घालत आहे. पुलमन ही शयनयानांची कंपनी. तिच्या डब्यांतील सेवक बहुधा कृष्णवर्णीय असत आणि त्यांच्यावर देखरेख करणारे कंडक्टर गोरे. अनेक प्रवासी या सेवकांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून ते प्रत्येकाला ‘जॉर्ज’ म्हणत. जणू तो सेवक म्हणजे धन्याची मालमत्ता. ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी १९२५ मध्ये संघटना स्थापन केली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. चित्रात नीटनेटके अंथरूण आणि ते घालणारे तरबेज हात दिसतात. चुकीच्या नावाने मारलेली हाक चित्रात ऐकू येत नाही. ती जाणून घेण्यासाठी चित्राबाहेर जावे लागते.

५. निरोपाची चित्रे

युद्ध संपले. सैनिक परतले, तशा रेल्वेतील अनेक स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामागोमाग वाफेची इंजिनेही गेली. डिझेल इंजिनाला कोळसा लागत नव्हता, वाटेत वारंवार पाणी लागत नव्हते, आणि देखभालीला माणसेही कमी लागत होती. कंपन्यांचा खर्च वाचला; शेडवर जगणाऱ्या गावांतील रोजगार मात्र आटला.

नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफेवर चालणारी शेवटची मोठी अमेरिकन रेल्वे. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात तिची सुमारे चोवीसशे छायाचित्रे काढली. त्यांतील प्रसिद्ध चित्रे रात्रीची आहेत. सूर्य आपल्या सोयीने हलवता येत नाही. दिवे मात्र हवे तेथे ठेवता येतात, असा त्यांचा विचार होता. ते रुळांच्या कडेने दिव्यांची मांडणी करीत, सारे दिवे तारांनी जोडून घेत आणि गाडी समोर येताच ते एकदम चमकवीत. संधी एकच. एखादी तार निसटली, तर सगळी तयारी वाया जाई.

२ ऑगस्ट १९५६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील आएगर गावी त्यांनी काढलेले चित्र विशेष गाजले. उघड्यावरील चित्रपटगृहात मोटारी उभ्या आहेत. पुढच्या मोटारीत एक तरुण जोडपे बसले आहे. पडद्यावर विमान दिसते आणि मागून वाफ सोडत मालगाडी धावते आहे. गाडी जुने युग, विमान नवे युग, असा अर्थ सहज मनात येतो. परंतु झगमगाटात पडद्यावरील दृश्य फिके पडल्याने विमानाचे चित्र लिंक यांनी नंतर जोडले होते. जोडप्यालाही त्यांनीच तेथे बसवले होते. मग हे चित्र खोटे म्हणावे काय? गाडी खरी आहे, गाव खरे आहे, एक युग संपत होते हेही खरे आहे. मांडणी मात्र कलावंताची आहे. हे ठाऊक असलेला वाचक चित्राचा आस्वादही घेतो आणि फसतही नाही.

६. छायाचित्र वाचण्याची रीत

वरील उदाहरणांवरून चार प्रश्न हाती येतात. चित्रात प्रत्यक्ष काय दिसते? ते कोणी आणि कशासाठी काढले? त्याखाली काय लिहिले आहे? आणि चौकटीबाहेर कोण राहिले? पहिल्या प्रश्नाला डोळे पुरतात. उरलेल्या तिन्हींसाठी टीप, पुस्तके आणि जाणत्या माणसांच्या आठवणी यांचा आधार घ्यावा लागतो.

डेलानो १९९७ मध्ये आणि लिंक २००१ मध्ये निवर्तले. लिंक यांची छायाचित्रे व्हर्जिनियातील रोअनोक येथे रेल्वेच्याच जुन्या स्टेशनात २००४ पासून संग्रहालयरूपाने मांडलेली आहेत. डेलानो यांची चित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत आणि ती संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. क्लिंटनच्या शेडमध्ये इंजिने पुसणाऱ्या स्त्रियांची नावे आपल्याला माहीत आहेत, कारण कोणीतरी ती विचारली आणि लिहून ठेवली. काम मोठे असते तेव्हा ते करणारा माणूस सहज पुसला जातो. त्याला राखण्यासाठी दोन ओळींची टीपही पुरते.

शब्दार्थ

वाघीण – मालगाडीचा डबा. बाष्पपात्र – ज्यात पाण्याची वाफ होते ते इंजिनाचे मोठे भांडे. सांधा – एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवण्याची जागा. सांधेवाला – सांधे बदलणारा कर्मचारी. विहंगम दृश्य – उंचावरून दिसणारे व्यापक दृश्य. शयनयान – झोपण्याची सोय असलेला डबा. अजस्र – प्रचंड. कृष्णधवल – काळ्यापांढऱ्या छटांचे.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. पुलमन सेवकांची संघटना कोणाच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली?
२. लिंक रात्रीची छायाचित्रे काढणे का पसंत करीत?
३. आएगर येथील चित्रात कोणता भाग नंतर जोडला होता?

भाषाभ्यास

१. इंग्रजी ‘वॅगन’ या शब्दाचे मराठीत ‘वाघीण’ झाले. अपरिचित शब्द बोलणाऱ्यांनी ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवला. रेल्वेमुळे मराठीत आलेले किंवा रुळलेले आणखी पाच शब्द शोधून लिहा.

२. पुढील वाक्ये वाचा.
(अ) सांधेवाला वाघीण वळवतो.
(आ) वाघीण वळवली जाते.
पहिल्या वाक्यात कर्ता आहे. दुसऱ्या वाक्यात क्रिया आहे, परंतु ती करणारा माणूस गळला आहे. माणूस नसलेले छायाचित्र दुसऱ्या वाक्यासारखे असते. पुढील वाक्ये कर्ता घालून पुन्हा लिहा : ‘इंजिन पुसले जाते.’ ‘अंथरूण घातले जाते.’ ‘रूळ टाकले जातात.’

आपण काय शिकलात

• छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे. परंतु ते संपूर्ण इतिहास सांगत नाही.
• छायाचित्र काढवून घेणाऱ्याचा हेतू चित्रातील निवडीवर परिणाम करतो.
• टिपेमुळे चित्रातील माणसाला नाव आणि कामाला अर्थ मिळतो.
• मांडणी करून काढलेले चित्रही सत्याकडे निर्देश करू शकते. मात्र मांडणी ओळखता आली पाहिजे.

पाठान्त प्रश्न

१. लॉस एंजेलिसच्या यार्डाचे चित्र टिपेशिवाय आणि टिपेसह वाचताना पडणारा फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. डेलानो यांची चित्रे सरकारी हेतूने काढली असूनही मोलाची का ठरतात? सकारण मत मांडा.
३. डेलानो आणि लिंक यांच्या कामातील साम्य व भेद लिहा.
४. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणचे एक जुने छायाचित्र निवडा. त्यातील माणसांची नावे, जागा, साल आणि चालू असलेले काम यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारा. चित्रात नसलेल्या, पण त्या कामात सहभागी असलेल्या एका तरी व्यक्तीचे नाव मिळवा. ही सर्व माहिती पाच-सहा ओळींत लिहून छायाचित्रासोबत जपून ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १ – (आ), २ – (इ), ३ – (अ).
प्रश्न २ : १. ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली ही संघटना स्थापन झाली. २. रात्री दिवे हवे तेथे ठेवून प्रकाशावर ताबा मिळवता येई, म्हणून. ३. पडद्यावरील विमानाचे चित्र नंतर जोडले होते.